मास्तरांच्या खिशातला चौथा कागद

ट्रॉम्बोनवाल्याला एक गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. वाजवता वाजवता नळीत थुंकी साचते. खाली एक बारीकशी चावी असते, ती दाबून फुंक मारली की सगळं बाहेर. नाही काढलं तर बाजा गुळगुळ करायला लागतो. किस्स्यांचं तस्संच आहे. जन्मभर बँडमध्ये वाजवलं, इतकं साचलंय की आता बोलतानाही गुळगुळतो. तेव्हा समोर बसलेल्यांनी जरा बाजूला सरका!

आणि आधीच सांगून ठेवतो. हे किस्से ऐकून लोक हसतात. मला राग येतो. तुम्ही खुशाल हसा, माझा राग माझ्याजवळ राहू दे, त्याच्यावरच तर जगतोय. माझ्या मराठीत हिंदी घुसते म्हणून पुण्याच्या मेव्हण्याने नाक मुरडू नये. मी सातवीला तीनदा बसलो, तिन्ही वेळा भाषेनेच पाडलं.

*

आमचे मुकुंद मास्तर. त्यांचे पणजोबा दरबारच्या बँडात बिगुल वाजवायचे. मास्तर तरुणपणी मुंबईला पळाले, मोठमोठ्या हॉटेलांतल्या जॅझ बँडात कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवला. मग सिनेमाच्या गाण्यांत अरेंजर झाले. म्हणजे चाल दुसऱ्याची, पण कुठल्या बाज्याने कधी बोलायचं आणि कधी तोंड बंद ठेवायचं, ते सगळं कागदावर उतरवणार मास्तर. पडद्यावर नाव चालवाल्याचं. मास्तरांचं नाव फक्त वाजवणाऱ्यांच्या शिव्यांमध्ये!

हॉटेलांतले बँड बंद पडले, सिनेमावाल्यांशी भांडण झालं, आणि मास्तर उज्जैनला परत आले. सकाळी मुलींच्या शाळेत संगीत शिक्षक, दुपारपासून आमच्या बँडचे मास्तर. बँडचा मालक राधेश्याम भिया. फ्रीगंजात गाळा, बारा माणसं, लाल कोट.

माझा पहिला दिवस. मास्तरांनी समोर कागद धरला. पाच रेघा, त्यावर मुंग्या.

"वाचता येतं का रे काही?"

"अडखळत येतं, मास्तर."

"उत्तम! हे अडखळतच वाजवायचं असतं. फक्त मी सांगेन तिथेच अडखळायचं!"

म्हणजे कसं, ते दाखवायला त्यांनी आम्हा सगळ्यांना स्टेशनवर नेलं. छगनच्या टांग्याचा घोडा एका पायाने लंगडा होता. टक्-अटक्, टक्-अटक्. स्टेशनपासून टावर चौकापर्यंत त्या घोड्याच्या मागून आम्ही बारा जण त्याच्याच चालीने पाय टाकत निघालो, सगळ्यांत पुढे मास्तर छत्री घेऊन. छगनने तीनदा मागे वळून पाहिलं. शेवटी टांगा थांबवून हात जोडले, "मास्टर साब, किसकी मय्यत है, बता तो दो!"

मास्तर भडकले. "मय्यत नहीं, जॅझ है!"

छगन म्हणाला, "भगवान उनकी आत्मा को शांति दे."

*

मास्तरांची छत्री पावसासाठी नव्हती, आमच्या बुटांसाठी होती. कागदावर एखाद्या सुरापुढे टिंब असलं की तो सूर दीडपट लांब धरायचा असतो. मी टिंबं खायचो. घाई, दुसरं काय! टिंब खाल्लं की छत्रीचं टोक थेट माझ्या बुटावर.

"टिंब खाल्लंस! घरून जेवून येत नाहीस का रे गाढवा?"

माझ्या डाव्या पायाचा अंगठा आजही जरा चपटा आहे. डॉक्टरला वाटतं संधिवात.

*

आता खिशाची गोष्ट. मास्तरांनी स्वतःची एक चीज रचली होती. दुसऱ्याच्या चालीला कपडे घालून जन्म गेलेला माणूस, त्याची स्वतःची अशी ती एकच. नाव 'टावर चौक'. चार कागदांची. मास्तरांची रीत अशी, की वाजवायच्या आधी प्रत्येकाला तीनच कागद वाटायचे. चौथा त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. पहिले तीन कोणीही न चुकता वाजले, तरच चौथा बाहेर.

तो कधी बाहेर आलाच नाही. कधी ढोल चुकला, कधी क्लॅरनेट, बहुतेक वेळा मी. आणि चुकून आम्ही चुकलो नाही तर बारातीतला कोणीतरी फुफा, म्हणजे आत्याचा नवरा, मध्ये घुसून फर्माईश करायचा. वर्षं गेली, चीज अर्धवटच. मास्तरांना विचारलं की म्हणायचे, "घाई कशाची? तुम्ही माणसात या, मग देतो."

एका दुपारी मास्तर कोट खिळ्याला अडकवून हात धुवायला गेले. मी काय सोडतो? आतल्या खिशात हात घातला. घडी केलेला कागद! दाराकडे एकदा पाहिलं. उघडला.

'तूरडाळ, साबण, जिरं, काडेपेटी.' आणि खाली मास्तरांच्या टोकदार अक्षरात: 'बंड्या, हात घातलाच आहेस तर शेवेचं पाकीटही आण. लवंगवाली.'

आणली. करतो काय!

*

एका बारातीत 'टावर चौक' दुसऱ्या कागदापर्यंत छान चाललं होतं. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या मामाने येऊन मास्तरांच्या कॉर्नेटच्या भोंग्यावर पंजा ठेवला. वाजवणाऱ्याच्या बाज्यावर! त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

"मास्टर, ये रोना-धोना बंद. साँप वाली बजाओ, अपन को नाचना है."

मास्तरांनी पंजा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. "पहले साँप लाओ."

राधेश्याम भिया धावत आला, "अरे मास्टर, बजा दो ना, अपना क्या जाता है!" पण मामाही उज्जैनचाच. हट्टाला पेटला. देवळादेवळापुढे गारुडी बसलेले, आमच्या गावात साप शोधायला काय लागतं? अर्ध्या तासात टोपलीसकट गारुडी हजर. टोपली उघडली, नाग फणा काढून उभा. बाराती चार पावलं मागे. 

मास्तर वाकले, नागाकडे नीट पाहिलं. मग मामाकडे वळून म्हणाले, "ये जनम का बहरा है. फिर भी आप लोगों से अच्छा सुन रहा है."

भियाला माफी मागावी लागली. मास्तरांनी मागितली नाही. मी मागितली, नागाची.

*

मग ते दिवस आले. केबलच्या वायरी, एसटीडीचे पिवळे डबे, टावर चौकात रोज नव्या कोल्ड्रिंकची पाटी. सगळा गाव म्हणायचा, देश उघडला. आमच्या मास्तरांची खोली तेवढी बंद झाली! शाळेतली संगीताची खोली प्रिन्सिपल साहेबांनी काढून घेतली आणि तिथे कम्प्यूटर ठेवला. एक. त्याला पडदे, त्याला थंड हवेचं मशीन, आत जाताना चपला बाहेर. देवळात जाताना जो प्रिन्सिपल बूट काढायला कुरकुरायचा तो तिथे मोज्यांवर चालायचा! पेट्या, तबले, मास्तर, सगळे सायकल स्टँडवर.

मास्तर ओरडले नाहीत. मला बोलावलं. "बंड्या, सायकलींना घंट्या असतात ना?"

दोन दिवस मी आणि मास्तर घंट्या वाजवत हिंडलो. चिकटपट्टी लावली की घंटीचा सूर उतरतो, हे मला तेव्हा कळलं. चाळीस पोरींच्या चाळीस सायकली सुरात लावल्या. कम्प्यूटरचं उद्घाटन करायला बाहेरून पाहुणे आले. इकडे त्यांनी फीत कापली, तिकडे मास्तरांनी छत्री उचलली, आणि चाळीस घंट्या! तीन भागांत, लंगड्या घोड्याच्या चालीने! मी भिंतीमागे उभा होतो, अंगावर काटा आला. मास्तरांना वाटलं आता गडबड होईल, पाहुणे विचारतील हे कोण, खोली परत मिळेल.

पाहुण्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि कम्प्यूटरवर हात ठेवला. "वाह! कितनी मधुर आवाज़ है इसकी!"

प्रिन्सिपल म्हणाले, "जी सर. इम्पोर्टेड है."

मास्तरांनी त्या दिवशी छत्री मोडली. गुडघ्यावर. "पुन्हा तेच! वाजवलं मी, नाव डब्याचं!"

*

मास्तरांची साठी आली. मी ठरवलं, काहीतरी जंगी करायचं. वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, पटवून 'टावर चौक'चा पहिला कागद पळवला आणि सायकल मारत भैरवगढ गाठलं. तिथे सलीमभाई छिपा. लाकडाच्या ठप्प्यांनी चादरी छापतात, तीन पिढ्यांचं काम. त्यांना म्हटलं, पहिल्या आठ मात्रांची ओळ चादरीवर छापायची.

सलीमभाईंनी कागद पाहिला. "भाईजान, ठप्पा उल्टा खोदते हैं, तब सीधा छपता है."

माझ्या डोक्यात किडा वळवळला. "आप सीधा ही खोदो."

"तो उल्टा छपेगा! जहाँ ख़तम है, वहाँ से शुरू होगा."

"छपने दो!"

छापताना सलीमभाईंच्या हातून रंगाचा एक थेंब पडला, एका सुराच्या अगदी पुढे. बिचारे हळहळले, "अरे, छींटा पड़ गया." मी म्हटलं, एका टिंबाने कोण मरतंय!

साठीला घरात पाहुणे, सत्यनारायण, पुरणपोळी. मी चादर उलगडली. सगळे वा वा करायला लागले. मास्तरांनी चष्मा लावला. वाचायला लागले. डावीकडून उजवीकडे, ओठ हलताहेत. आणि चेहरा जो लाल झाला!

"गाढवा! हे शेवटाकडून सुरुवातीकडे चाललंय!"

"मास्तर, आपला देश पण तसाच चाललाय."

पाहुणे हसले. मास्तर हसले नाहीत. जन्मभरात एक चीज स्वतःची, तीही मी टिंगलीला काढली, असं त्यांना वाटलं. तसं वाटू नये म्हणून मी काय करणार होतो, टिंगल तर केलीच होती. हात धरून दाराबाहेर काढलं मला. "बँडात दिसलास तर ट्रॉम्बोन घशात घालीन!"

तीन महिने मी घरी. वहिनी बाजारात भेटल्या तर विचारलं, "वहिनी, राग उतरला का?"

"छे! नाव काढलं तरी ताटावरून उठतात."

"आणि चादर? फेकली का?"

वहिनींनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "फेकू पण देत नाहीत, धुऊ पण देत नाहीत. काय माणूस आहे, देव जाणे."

*

मला परत घेतलं ते दया म्हणून नाही. पप्पू आला म्हणून, त्याच्या पेटीपुढे उभं राहायला मास्तरांना माणूस हवा होता. पप्पू हा राधेश्याम भियाचा साळा. काखेत कीबोर्ड. भिया आम्हाला गोळा करून म्हणाला, "देखो भिया लोग, इसमें सब है. ढोल, बाँसुरी, तुरही, सब." बटण दाबलं की कॉर्नेट, दुसरं दाबलं की ट्रॉम्बोन. मी माझाच आवाज त्या पेटीतून ऐकला. सर्दी झाल्यासारखा.

मास्तर त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. बारीक आवाजात विचारलं, "ये साँस कहाँ लेता है?"

पप्पू हसला. "इसको साँस नहीं लगती, अंकल."

"तो फिर ये रोता कब है?"

पप्पूला कळलं नाही. भियाला कळलं, पण भियाने मान फिरवली. बारा माणसांची आठ झाली, आठाची सहा. क्लॅरनेटवाला दत्तू इंदूरला गेला, एका दुकानासमोर जोकर बनून उभा राहायचा.

मास्तरांनी पप्पूसाठी स्वतः चार कागद लिहून आणले. पप्पू खूष! त्याला वाचता कुठे येतंय? माझ्याकडे आला, "बंडू चाचा, क्या लिखा है?"

मी पाहिलं. चारही कागद, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नुसत्या विश्रांतीच्या खुणा. म्हणजे गप्प बसणे, गप्प बसणे, गप्प बसणे.

मी म्हटलं, "पप्पू, मास्टर ने तेरी तारीफ लिखी है." त्याने ते कागद फ्रेम करून गाळ्यात लावले! मास्तर रोज येता-जाता तिकडे बघायचे. तेवढंच काय ते सुख.

*

आता शेवटचं. हे सांगताना माझा आवाज चढला तर दार लावून घ्या.

फ्रीगंजातलंच एक मराठी लग्न. बँकेतले साहेब, मुलीचे वडील. मुहूर्त दुपारचा, म्हणून वरात सकाळी स्टेशनकडून निघून टावर चौकावरून मंगल कार्यालयात. भियाने या वेळी ठेला सजवला होता. वर पप्पू, भिंतीएवढे स्पीकर, मागे जनरेटर. आणि आम्हा सहा जणांना लाल कोट घालून रांगेत उभं केलं.

"बजाना मत," भिया म्हणाला. "बस, मुँह पे लगा के चलना. फोटो में अच्छा दिखता है."

मी ऐकलं आणि मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं आता भियाचं डोकं फुटणार. मास्तरांनी कॉर्नेट ओठाला लावला आणि चालायला लागले, मुका बाजा घेऊन. वय सत्तरीकडे झुकलेलं, कोटाची बटणं बरोबर लावलेली. मागून पप्पूच्या पेटीतला खोटा कॉर्नेट किंचाळतोय आणि लोक मास्तरांकडे बघून टाळ्या वाजवताहेत! अरे, लाज? मला त्या दिवशी सगळ्या गावाचा इतका राग आला, की घोड्यावरच्या नवऱ्याचासुद्धा आला. त्याचा काय दोष होता? तरी आला.

टावर चौकाच्या बरोबर मध्ये जनरेटर खोकला. एकदा, दोनदा. आणि गप्प. पप्पू बटणं दाबतोय, पेटी मेलेली. जनरेटरचं झाकण उघडलं तर टाकीत साखर. कोणी टाकली, आजपर्यंत कळलेलं नाही. मी सकाळी टपरीवर तीन चहा फिके प्यायलो होतो, एवढं मात्र खरं.

चौकात अशी शांतता की घोड्याची शेपूट ऐकू येत होती.

मास्तरांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि आम्हाला कागद वाटले. तीन-तीन. भिया ओरडला, "मास्टर, कोई चालू गाना!" मास्तरांनी ऐकलं नाही. नवी छत्री उचलली.

पहिला कागद गेला. ज्यूसवाला मशीन बंद करून बाहेर आला. दुसरा कागद गेला. मुलीचे वडील घामाघूम होऊन धावत आले, "अहो मास्तर, काय चालवलंय हे! मुहूर्त टळतोय!"

मास्तर वळलेसुद्धा नाहीत. "मुहूर्त आत्ता लागलाय. मध्ये बोलू नका."

तिसरा कागद. ढोल चुकला नाही. कोणीच चुकलं नाही. मी जीव मुठीत धरून एकेक टिंब मोजलं, एकही खाल्लं नाही. तिसरा संपला आणि मास्तरांचा हात कोटाच्या आत गेला. घड्या पडून पडून कागद कापडासारखे मऊ झालेले. ढोल चालू होता तेवढ्यात सहा जणांच्या बाज्यांवरच्या कागद धरायच्या चिमट्यांत सहा कागद अडकवले. स्वतः कॉर्नेट उचलला.

वाजवायला लागलो. पहिल्या दोन मात्रा काही कळलं नाही. तिसरीला माझे केस उभे राहिले. हे मी कुठेतरी पाहिलंय. वाजवलं नाही, पाहिलंय! निळ्या रंगात, पांढऱ्या चादरीवर! जिथे संपतं तिथून सुरू होणारं!

चोर! म्हातारा चोर! तीन महिने मला घरी बसवलं! ओरडणार होतो, पण तोंडाला ट्रॉम्बोन. मग सगळा राग त्यातूनच काढला. इतका मोठा मी जन्मात वाजवला नव्हता. डोळ्यांतून पाणी गळून कागद दिसेना, तरी शेवटच्या मात्रेपर्यंत गेलो. सगळेच गेले. 'टावर चौक' टावर चौकात संपलं.

कोणी टाळी वाजवली नाही. घोडासुद्धा हलला नाही. मास्तर कॉर्नेट खाली घेऊन सावकाश माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, आता खांद्यावर हात ठेवतील.

छत्रीचं टोक माझ्या डाव्या बुटावर पडलं.

"सलीमभाईंचं टिंब खाल्लंस!"

आणि मागे वळून, कॉर्नेट उचलून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे गरजले, "पुन्हा! पहिल्या कागदापासून!"

मुलीचे वडील ज्यूसवाल्याच्या स्टुलावर जाऊन बसले.